वॉरंटीतला ट्रक कच्च्या रस्त्यावर चालवला म्हणून कंपनीने क्लेम नाकारला, काही करता येतं का?

येतं. मी केलंय. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, 'हौसिंगमधून आवाज येऊन गाडी बंद पडली, शोरूमवाले म्हणतात ऑफरोड वापर झालाय, आणि बहुतेक चूक माझीच असावी', त्यातलं शेवटचं वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. चूक तुमची हे ठरवलं कुणी? हौसिंग, म्हणजे मागच्या एक्सलवरचं गिअरचं कवच, खोलून तुटलेला भाग कुणी हातात घेऊन बघितला का अजून?

माझं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठाला. २०२१ च्या दसऱ्याला सहा टायरी गाडी घेतली, चेसिस आणि बॉडी मिळून २४ लाखाला गेली. एकच गाडी, मालक मी आणि ड्रायव्हर पण मीच. हंगामात ऊस, हंगाम संपला की वीट, शेणखत, जे भाडं मिळेल ते. घेताना सेल्समननं विचारलं कशासाठी हवीय, मी म्हणलं ऊस वाहतुकीला, आणि त्यानं कोटेशनवर तसंच लिहिलं. तो कागद मी टाकून दिला नाही, पुढं तो लई कामाला आला.

आता ऊस वाहतूक म्हणजे काय हे आमच्या भागात गाडी विकणाऱ्या माणसाला सांगावं लागतं का? तोडणीवाल्यांची टोळी उसाच्या फडात मोळ्या बांधते, गाडी फडात नाहीतर फडाच्या तोंडाला लागते, भरते, पाणंदीनं, म्हणजे रानातल्या कच्च्या रस्त्यानं, बाहेर येते, मग डांबरीला लागून कारखान्यावर. दिवसाच्या प्रत्येक खेपेत एक-दीड किलोमीटर पाणंद आहेच. कंपनीनं आमच्या जिल्ह्यात असे किती ट्रक विकले असतील, सगळे काय डांबरीवरच उभे राहून भरतात का? म्हणून हा 'ऑफरोड' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

२०२२ च्या सप्टेंबरात, दुसरा हंगाम सुरू व्हायच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला लावली तेव्हाच मी सांगितलं होतं की मागच्या हौसिंगमधनं आवाज येतोय, पन्नासच्या वर गेलं की हूं करून येतो आणि अॅक्सिलेटर सोडला की वाढतो. सल्लागार पोरगा चांगला होता, त्यानं जॉब कार्डवर लिहून घेतलं. संध्याकाळी गाडी परत देताना त्याच्यापुढं लिहून आलं, चालवून बघितली, आवाज नॉर्मल. मी पण सोडून दिलं, हंगाम तोंडावर होता.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता, दिवाळीपर्यंत रानात पाय ठरत नव्हता. नोव्हेंबरात मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, एका फडात गाडी रुतली, अर्धी भरलेली होती. ट्रॅक्टर बोलावला, पुढनं साखळी लावली, गाडी न्यूट्रलला ठेवून काढली. वीस मिनिटांचं काम. आमच्याकडं हंगामात कुणाची गाडी रुतली नाही असा माणूस दाखवा. त्यानंतर गाडी दोन महिने रोज पळत होती.

जानेवारीत, ४१ हजार किलोमीटरला, कारखान्याकडं जाताना, डांबरी रस्ता, सपाटी, चौथ्या गिअरला, ना खड्डा ना चढ, खाडकन आवाज झाला आणि मागची चाकं धरली. पाठीमागं गाड्यांची रांग, वर ऊस. दुसरी गाडी बोलावून टोळीला हातापाया पडून ऊस पलटी केला, गाडी ओढून वर्कशॉपला नेली. खोललं तर क्राऊनचे, म्हणजे हौसिंगमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे, तीन दात उडालेले, त्याला फिरवणारं छोटं पिनियन खाल्लेलं, हौसिंगच्या तळात तुकडे.

चार दिवसांनी वॉरंटीचा माणूस आला. आता हे लिहायला मला जड जातंय पण त्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. मी डिझेलच्या हिशोबाला बाहेर गेलेलो, तिथं माझा थोरला भाऊ बसलेला. त्या माणसानं सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी कुठं अडकली बिडकली होती का. दादा म्हणाला, हो, नोव्हेंबरात फडात रुतली होती, ट्रॅक्टरनं ओढून काढली. झालं. रिपोर्टमध्ये लिहून आलं की वाहनमालकाच्या भावाच्या सांगण्यानुसार वाहन चिखलात अडकून ओढण्यात आले, ऑफरोड वापर आणि शॉक लोडमुळे (एकदम बसलेल्या झटक्यामुळे) दात तुटले, क्लेम नामंजूर. खर्चाचा अंदाज ७८ हजार.

घरात त्या रात्री जे झालं ते सांगत नाही. दादा शिक्षक आहे, आयुष्यात खोटं बोलला नाही, मला मान्य आहे. त्याचं म्हणणं एकच, विचारलं ते खरं सांगितलं, आणि तुला गाडी जपून चालवता येत नाही त्याला मी काय करू. आबांसमोर म्हणाला. मी पंधरा वर्षं ड्रायव्हिंग करतोय, आधी दुसऱ्याच्या गाडीवर, मग स्वतःच्या, एक अपघात नाही. माझं म्हणणं तेव्हा पण हेच होतं आणि आज पण हेच आहे की दादा खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. रुतली नोव्हेंबरात, आवाजाची तक्रार सप्टेंबरात. दोन महिने आधी जे दुखत होतं ते नंतरच्या चिखलानं कसं झालं? हे दादानं विचारायला पाहिजे होतं, त्याच्याकडं शिक्षण आहे. जो माणूस क्लेम नाकारायलाच आलाय त्याला रुतल्याचं सांगायचं आणि आवाजाचं सांगायचं नाही, ह्याला मी खरेपणा म्हणत नाही.

पुढं मी तीन गोष्टी केल्या आणि तुम्हाला पण त्याच सांगतो.

पहिली, जुने सामान सोडू नका. गाडी चालू करणं भाग होतं, हप्ता ४६ हजाराचा, हंगाम चाललेला, म्हणून मी पैसे उसने घेऊन काम करून घेतलं, पण बिलावर 'हरकत नोंदवून पैसे भरले' असं सही करून लिहिलं आणि तुटलेला क्राऊन, पिनियन, तुकडे, बेअरिंग सगळं पोत्यात घालून घरी आणलं. ते देत नव्हते, अडून बसलो. हौसिंगचं ऑइल पण एका बाटलीत भरून घेतलं, कारण पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, माझं तसं नव्हतं आणि ते दाखवता आलं पाहिजे.

दुसरी, तो दात मी धातू तपासणाऱ्या लॅबमध्ये नेला. तिथल्या माणसानं भिंगाखाली दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. एका झटक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडं सारखं खरबरीत दिसतं. माझ्या पहिल्या दाताच्या मुळाशी एका कोपऱ्यापासून गोल गोल रेघा पसरत गेलेल्या, नदीचं पाणी उतरताना वाळूवर एकामागं एक रेघ सोडतं तशा, आणि शेवटचा थोडासाच भाग खरबरीत. म्हणजे चीर बारीक बारीक करून बरेच दिवस वाढत होती, शेवटी उरलेलं तेवढं त्या दिवशी तुटलं. बाकीचे दोन दात त्याच्या तुकड्यानं गेले. वरच्या थराचा कडकपणा पण त्या जागी कमी भरला. रिपोर्टमध्ये 'थकव्यामुळे तुटणे' असं लिहून मिळालं. त्या दिवशी लॅबच्या बाहेर मी दहा मिनिटं गाडीत नुसता बसून होतो.

तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातनं आली आणि वकिलांना पण आवडली. भूमी अभिलेखमधनं आमच्या गावाचा नकाशा काढला. ज्या पाणंदीला ते ऑफरोड म्हणत होते ती गावनकाशात दुहेरी तुटक रेघेनं दाखवलीय, म्हणजे गाडीमार्ग. पाऊलवाट असती तर एकेरी तुटक रेघ असती. आजोबांच्या आधीपासून तिथनं गाड्या जातात. सरकार पाणंद रस्त्यांसाठी योजना काढतं, २०२१ ला मातोश्रीच्या नावानं काढली, तिच्या नावातच 'रस्ते' आहे. आणि वॉरंटीच्या पुस्तकात मी शोधलं, ऑफरोड म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती, फक्त 'गैरवापर' एवढा शब्द. टिपरला किंवा खाणीत चालणाऱ्या गाडीला कंपन्या वेगळी वॉरंटी देतात, तासांवर सुद्धा देतात, म्हणजे त्यांना फरक कळतो. मला देताना कोटेशनवर ऊस लिहून तीच वॉरंटी दिली ना, मग पाळा.

नोटीस दिली, उत्तरात परत तेच. मग सांगलीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तेव्हा ई-दाखिलवर केली होती, आता ई-जागृती नावाचं पोर्टल आहे. ५० लाखापर्यंत मोजलेल्या वस्तूला जिल्हा आयोगातच जायचं, २० ते ५० लाखाला फी हजार रुपये, आणि २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनी मुंबईची असो नाहीतर चेन्नईची. मुदत दोन वर्षं. ते पहिला मुद्दा हाच काढणार की ट्रक धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवत असाल तर ग्राहक धरतात, सुप्रीम कोर्टानं १९९५ ला लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात स्वतः ट्रक चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलंय. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर असतील तर मात्र हा मुद्दा तुमच्यावर उलटेल.

कंपनीकडनं मधी 'गुडविल' म्हणून निम्मे पैसे देतो, सही करा असा फोन आला होता. मी नाही म्हणलं. गुडविलवर सही केली की आपणच कबूल केलं की हक्काचं काही नव्हतं. शेवटी लॅबचा रिपोर्ट आणि सप्टेंबरचं जॉब कार्ड त्यांच्या वकिलानं बघितल्यावर प्रकरण मध्यस्थीत मिटलं. सामान आणि मजुरीचे पूर्ण पैसे मिळाले, लॅबचा खर्च मिळाला. २३ दिवस गाडी उभी होती त्याच्या भाड्याचा एक रुपया मिळाला नाही, ते मी सोडलं.

रिपोर्टची झेरॉक्स दादाला दिली. त्यानं वाचली, घडी घालून ठेवली, म्हणाला बरं झालं. मला वाटलं होतं आबांसमोर म्हणेल. तुमच्या घरात पण कोणी तुमच्या आधी कंपनीचं खरं मानत असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, आधी तारखा लिहून काढा, आवाज कधी, तक्रार कधी, रुतली कधी, आणि तो कागद त्याच्यापुढं ठेवा. आणि वॉरंटीचा माणूस येणार असेल त्या दिवशी गाडीजवळ दुसऱ्या कुणाला बसवू नका. स्वतः थांबा, विचारलं तर खरंच सांगा, पण सगळं सांगा आणि तो जे लिहितो ते वाचल्याशिवाय जागा सोडू नका.

काही गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या त्या आता सांगतो. दगड लागून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला, हौसिंगला तडा गेला असं असेल तर तो वॉरंटीचा विषयच नाही, इन्शुरन्सचा आहे, आणि फुटल्यावर तशीच गाडी पुढं चालवून इंजिन धरलं तर इन्शुरन्सवाला इंजिनाचे पैसे देणार नाही. जागेवर बंद करा, फोटो काढा. ओढ्यातनं गाडी घातली असेल आणि ऑइल दुधाळ निघालं तर तुमची बाजू कच्ची आहे, खोटी आशा दाखवत नाही.

वजनाचं पण आहे. दोन एक्सलच्या गाडीला एकूण वजन १८.५ टन, आणि ऊस गाडीची प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर मोजली जाते, त्या स्लिपा कंपनी मागू शकते. माझ्या दोन स्लिपा सहा-सातशे किलोनं वर होत्या. मी सगळ्या स्लिपा दिल्या, त्या दोन पण दिल्या, काढून घेतल्या नाहीत. बाकीच्या आतल्या होत्या म्हणून निभावलं. ज्याच्या रोजच्या खेपेला तीन-चार टन जादा असतं त्यानं माझ्या भरवशावर केस टाकू नये. मी मागच्या कमानीला (स्प्रिंगला) एक पाटा पण वाढवला होता बाहेरनं, त्यामुळं पाट्याची वॉरंटी माझी गेलीच होती, ती मी मागितली नाही. एका पार्टला हात लावला म्हणून सगळ्या गाडीची वॉरंटी जाते हे मात्र ऐकून घेऊ नका, त्या पाट्यानं क्राऊनचा दात कसा तुटला हे त्यांनी दाखवायचं.

तुमच्या गाडीत नक्की काय तुटलंय ते प्रश्नात नाही. क्लच प्लेट असेल तर माझं वरचं बरंचसं लागू नाही, ती झिजणाऱ्या सामानात धरतात. हौसिंगच असेल तर आज वर्कशॉपला जाऊन जुनं सामान ताब्यात घ्या, आणि मागच्या सगळ्या जॉब कार्डांवर आवाजाची तक्रार कुठल्या तारखेला लिहिलीय ते बघून इथं टाका.