‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवला म्हणजे काय केलं?

लंडनच्या क्लायंटने ई-मेलमध्ये लिहिलंय, की त्याने व्हेंडरला ‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवला; आणि तुम्ही विचारताय, हा कुठला कायदा आणि तो आपल्यालाही लागू होतो का. काळजी नको. त्याने व्हेंडरला सज्जड दम भरला, एवढाच अर्थ.

कायदा मात्र खरा होता. पहिला जॉर्ज गादीवर आला तेव्हा इंग्लंडात दंगली उसळल्या, म्हणून संसदेने तो केला. 1 ऑगस्ट 1715 पासून अंमल सुरू. बारा किंवा जास्त माणसं जमून दंगा करू लागली, की मॅजिस्ट्रेटने त्यांच्यासमोर जाऊन ठरलेली घोषणा मोठ्याने वाचायची: राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, आपापल्या घरी नाहीतर कामाला जा. तिथून एक तास. तासानंतरही बारा जण तिथेच असले, तर शिक्षा थेट फाशीची. (आपल्याकडे बेकायदेशीर जमावाला पाचच पुरतात.) घोषणा शब्दशः वाचावी लागे. शेवटचं ‘गॉड सेव्ह द किंग’ राहून गेलं, म्हणून 1830 च्या एका खटल्यात ते वाचन ग्राह्य धरलं गेलं नाही. समोरून दगड येत असताना कागद धरून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचं, म्हणजे त्या मॅजिस्ट्रेटची मला दयाच येते.

इंग्लंडमध्ये 1967 साली कायदा रद्द झाला, वाक्प्रचार टिकला. शब्दकोशांत त्याला ‘कानउघाडणी करणे’, ‘खरडपट्टी काढणे’ असे प्रतिशब्द सापडतात. मला ते अपुरे वाटतात. खरडपट्टी झालेल्या चुकीची असते, ती काढली की विषय संपतो. इथे मात्र तो एक तास अजून दडलेला आहे: हे आत्ता थांबवा, नाहीतर पुढचं माझ्या हातात राहणार नाही. वर्गात गोंगाट चाललाय, बाई येऊन म्हणतात, ‘आता एक शब्द जरी ऐकू आला तर सहल रद्द’. हा अस्सल रायट ॲक्ट.

वाचणाऱ्याकडे अधिकार हवा, हेही त्यातच आलं. आई मुलांना वाचते, कोच संघाला, साहेब हाताखालच्यांना. उलट दिशेने वापरलात तर हसू होईल. तेव्हा क्लायंटला उत्तर लिहिताना, ‘आम्हीही तुम्हाला’ वगैरे नको. आणि त्या ई-मेलमध्ये व्हेंडरला कुठली तारीख दिली आहे का, ते पुन्हा एकदा बघा. तुमचं काम त्यावर अडलेलं असेल, तर तीच ओळ महत्त्वाची.