पार्कात खेळण्यासाठी बायकांचा मऊ, खेळकर स्नोबोर्ड कुठला घ्यावा?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही बडोद्याच्या, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५१ किलो, पाऊल २४ सेंटिमीटर. गुलमर्गला भाड्याच्या बोर्डावर शिकलात, दोन्ही कडांवर वळणं जमतात. जानेवारीत शिकायला कॅलगरीला निघालात आणि तिथल्या पार्कात (टेकडीवरची कसरतींची वाट) बॉक्स, रेल (घसरत जायच्या पेट्या आणि दांड्या) आणि छोटे किकर (उडीचे बर्फाचे उंचवटे) करायचेत. बोर्ड ‘प्लेफुल’ हवा, बायकांचाच हवा, आणि जमलं तर इथूनच मागवून सोबत न्यायचाय.

मी मूळची कारेलीबागेतली. कॅलगरीत काही हिवाळे काढले आणि त्यातला बराच वेळ एका दुकानात लोकांना भाड्याने बूट-बोर्ड मापून देण्यात गेला. त्या जोरावर सांगते.

शेवटचं आधी. इथून बोर्ड नेऊ नका. विमानात लांबुडकं सामान, त्याचं वेगळं भाडं, वर मापाचा अंदाज चुकला तर परत करायला कोणी नाही. शिवाय पहिली खरेदी बोर्डाची नसतेच, बुटांची असते. भाड्याच्या किंवा मैत्रिणीच्या बोर्डावर एक हिवाळा मजेत जातो, पण टाच उचलली जाणाऱ्या बुटात चांगल्यातला चांगला बोर्डही ऐकत नाही. बुटाचं माप ‘मॉन्डो’त असतं, म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये; तुमचं २४. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा आतल्या अस्तराला टेकला पाहिजे. गुडघे वाकवले की तो किंचित मागे सरकतो, आणि टाच मात्र जागची हलता कामा नये. आपल्याकडे बऱ्याच जणींचा चवडा पसरट असतो (जन्मभर चपला, दुसरं काय), म्हणून करंगळीपाशी चिमटा बसला की त्या एक माप मोठा बूट मागतात. तसं करू नका. त्याच मापात रुंद साच्याचा बूट मागा, नाहीतर अस्तर गरम करून पायावर बसवून द्या म्हणावं. बरीच दुकानं करून देतात. हे सगळं दुकानात, जाड मोजा एकच घालून, अर्धा तास बूट पायात ठेवून बघायचं काम आहे.

आता बोर्ड. खेळकर बोर्डाची गंमत अशी की तो कमी वेगातही वाकतो. नाकावर (पुढच्या टोकावर) वजन टाकलं की शेपूट (मागचं टोक) सहज उचलली जाते, बॉक्सवर पाय थोडा वाकडा पडला तरी कड लगेच रुतून तोंडावर आपटवत नाही. पण दुकानात ‘प्लेफुल’ म्हणालात की बहुधा सगळ्यात मऊ, पूर्ण रॉकर (मधे टेकलेला, दोन्ही टोकांकडे वर वळलेला) बोर्ड पुढे येतो. कॅलगरीसाठी तो मी घेणार नाही.

कारण तिथला बर्फ. तुम्ही सगळ्यात जास्त जाल ती टेकडी शहराच्या पश्चिम टोकाला आहे, विनस्पोर्ट. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळची. जुने लोक अजून ‘सीओपी’ (कॅनडा ऑलिंपिक पार्क) म्हणतात. वसतिगृहातून संध्याकाळी जाऊन यावं इतकी जवळ, पण बर्फ बराचसा यंत्राने पाडलेला, दाबून घट्ट केलेला. त्यात चिनूक. रॉकीजवरून उतरणारा कोरडा, गरम वारा. काही तासांत उणे वीसचं तापमान शून्याच्या वर नेतो. दुपारी बर्फ पाघळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी किकरकडे जाणारी वाट काचेसारखी कडक. अशा वाटेवर पूर्ण रॉकर बोर्ड म्हणजे ओल्या फरशीवरची साबणाची वडी. उडी मारण्याआधीच तो पायाखाली गोल फिरायला बघतो, आणि उडीची खरी भीती तिथे बसते, हवेत नाही.

बोर्डाचा आकार कुठला हे विक्रेत्याला विचारायचीही गरज नाही. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि बिलाचा कागद त्याच्याखाली सरकवून बघा. मध्यभागी कागद आरपार गेला आणि टोकांकडे अडला, तर कॅम्बर: मधून उचललेला, कडेची पकड आणि उसळी दोन्ही जास्त, चूक मात्र माफ करत नाही. मधे अडला आणि दोन्ही बाजूंनी लांबवर आत गेला, तर रॉकर. दोन्ही पायांच्या मधे सगळीकडे अडला आणि फक्त नाक-शेपटीपाशी मोकळा राहिला, तर फ्लॅट. बाकीचे सगळे हायब्रिड, या तिघांची सरमिसळ. तुम्ही फ्लॅट घ्या, किंवा पायांखाली कॅम्बर आणि टोकं उचललेली असा हायब्रिड. दोन्हींत रेलवर दयामाया आहे आणि कडक बर्फावर कडही धरते.

मऊपणाचे आकडे (एक ते दहा) प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, तेव्हा एकीचा चार दुसरीच्या सहाशी तोलू नका. हाताने बघा. शेपूट गालिच्यावर टेकवा, एका हाताने नाक धरा, दुसऱ्या तळव्याने मधोमध दाबा. टोकं सहज वाकावीत पण दोन बाइंडिंगांमधला (बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला आवळणारी पकड) भाग थोडा तग धरून असावा. संपूर्ण बोर्ड एकाच कमानीत वाकला तर दुकानात मजा वाटते, उडीवरून उतरताना शेपूट पायाखालून निसटते. एवढं मात्र खरं की वजन ५१ किलो असल्यावर ज्याला इतर लोक ‘मध्यम’ म्हणतात तो तुम्हाला ताठ लागेल. आकड्यांत बोलायचं तर तीन-चारच्या आसपास शोधा.

गुलमर्गच्या सवयीबद्दल एक सांगायला हवं. तिथलं नाव आहे ते ताज्या, खोल बर्फासाठी. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो, आणि अशा बर्फात लांब नाकाचा, पाय किंचित मागे ठेवायचा बोर्ड लोक पसंत करतात. त्याने मागच्या पायावर रेलायची खोड लागते. पार्कात नेमकं उलट: ट्विन बोर्ड, म्हणजे नाक आणि शेपूट सारखी, पाय बरोबर मध्यावर, कारण निम्मा वेळ तुम्ही उलटा पाय पुढे घेऊन उतरणार. ‘डिरेक्शनल’ (एकाच दिशेने चालवायचा) लिहिलेलं काही घेऊ नका, कितीही सवलत असो.

लांबी उंचीवरून ठरवायची जुनी पद्धत आहे, बोर्ड हनुवटीपर्यंत आला की झालं. ती सोडा. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. बहुतेक बोर्डांच्या माहितीत वजनाचा पट्टा (किती ते किती किलो) दिलेला असतो. जाकीट-बूट धरून तुम्ही त्याच्या साधारण मध्यावर याल असा घ्या. तुमच्यासाठी डोंगरभर फिरायचा बोर्ड १४२ ते १४६ चा झाला असता. पार्कासाठी दोन-तीन सेंटिमीटर कमी, १४० ते १४३. लहान बोर्ड हवेत पटकन फिरतो, रेलवर वळवायला सोपा. त्याहून लहान नको, उतरायला पायाखाली काही उरत नाही.

‘बायकांचाच’ हवा का? तुम्हाला हवा, पण रंगासाठी किंवा फुलापानांसाठी नाही. रुंदीसाठी. बायकांच्या या लांबीच्या बोर्डांची कंबर (मधली सगळ्यात अरुंद रुंदी) २३५ ते २४० मिलिमीटरच्या आसपास असते आणि तुमचं पाऊल २४० आहे. बुटाची टोकं दोन्ही बाजूंना जराशी बाहेर यावीत, म्हणजे घोट्याच्या हालचालीने बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येतो. पुरुषांचा अडीचशे मिलिमीटर कंबरेचा बोर्ड तुमच्या पायाखाली आळशी वाटेल. उलट एखादीचं पाऊल २६ च्या पुढे असेल तर तिने बायकांच्या फळीवर जाऊच नये, बुटाची टोकं बर्फात घासून ती पडेल. दुकानात मुलगी दिसली की थेट गुलाबी रांगेकडे नेणारे विक्रेते मी पाहिलेत. त्यांना आधी पाऊल मोजायला लावा.

नावं विचारलीत म्हणून तीन देते. बर्टनचा यसेयर: ट्विन, फ्लॅट, मऊ, अगदी तुमच्या वर्णनातला. कॅपिटाचा स्पेस मेटल फँटसी: पार्कासाठीच केलेला ट्विन, आणि सहसा खिशाला परवडणाऱ्यांपैकी. तिसरा ग्नू कंपनीचा लेडीज चॉइस, जो वर्षानुवर्षं अमेरिकन स्नोबोर्डर जेमी अँडरसनच्या नावाशी जोडलेला आहे. स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांच्या वाटेवरची स्पर्धा) ऑलिंपिकमध्ये २०१४ ला सोचीत पहिल्यांदा आलं तेव्हा बायकांचं सुवर्ण तिचं होतं, आणि २०१८ ला प्योंगचांगलाही तिचंच. हा बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखा नाही. टाचेच्या बाजूची कड जास्त वळलेली असते, कारण टाचेवर आपला जोर कमी चालतो. शिवाय कड लाटालाटांची, कडक बर्फात जास्त ठिकाणी चावणारी. रेलवर काहींना ती खटकते, पण कॅलगरीच्या बर्फासाठी मला तिघांत हाच आवडतो. मात्र तो बाकी दोघांहून अंगाने जरा दणकट आहे, पहिल्याच हिवाळ्यात रेल-बॉक्सच जास्त करणार असाल तर यसेयर बरा. कंपन्या दरवर्षी काहीतरी बदलतात, तेव्हा कागदाची परीक्षा याही बोर्डांची घ्याच.

बाइंडिंग्ज मध्यम-मऊ, मागचा टेकू बुटका, पट्ट्यांनी आवळायची. कोन पुढचा अधिक १५, मागचा उणे १५ किंवा दोन्ही १२; बदकासारखी पावलं बाहेर. बर्टनच्या बोर्डावर भोकांऐवजी लांब खाच असते, म्हणून बाइंडिंगची तळपट्टी तिला बसणारी आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

बोर्ड आल्यावर रेलवर जायच्या आधी त्याची कड थोडी बोथट करावी लागते. सगळी नाही. नाक-शेपटीकडे कड जिथे बर्फाला पहिल्यांदा टेकते ती चार ठिकाणं, आणि दोन पायांच्या मधला भाग, मऊ घासणीने. पायांच्या खालची धार तशीच ठेवा, कडक वाटेवर तीच वाचवते. बोर्डाचा तळ ‘एक्स्ट्रूडेड’ (वितळवून काढलेल्या प्लास्टिकचा) असला तर नाक मुरडू नका. ‘सिंटर्ड’ (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) वेगवान खरा, पण त्याला सारखं मेण हवं, आणि रेलवर ओरखडे दोघांनाही पडतात. एक्स्ट्रूडेड भरून घेणं सोपं जातं.

पैशांचं. नवा बोर्ड साधारण चारशे ते सहाशे कॅनेडियन डॉलर, म्हणजे वडील “एका फळीला तीस-पस्तीस हजार?” असं विचारणार हे धरून चाला. मार्च-एप्रिलमध्ये त्याच फळीची किंमत बरीच खाली येते, कारण पुढच्या वर्षीच्या नव्या चित्रांचे बोर्ड यायचे असतात. म्हणून जानेवारीत बूट घ्या, बोर्ड हंगामभरासाठी भाड्याने, आणि मार्चमध्ये खरेदी. घाई असेल तर विद्यापीठातल्या पोरांकडून जुना मिळतो. पार्कातला जुना बोर्ड घेताना डोळे मिटून कडेवरून नख फिरवत जा, सगळीकडून; जिथे नख अडतं तिथे कड तडकलेली असते. एक-दोन बारीक तडे चालतात. कड वर उचललेली, बाजूची पट्टी सुटलेली किंवा तळाच्या खड्ड्यात लाकूड दिसत असेल तर फुकटातही नको, पाणी आत गेलेलं असतं. नव्याच्या हमीतही रेलवरचे घाव सहसा धरत नाहीत.

जानेवारीपर्यंत इथे काय करायचं, तेही विचारलं होतंत. दांडिया बाजारातल्या कुठल्याही सुताराकडून ७५ सेंटिमीटरची प्लायवुडची फळी कापून घ्या, खाली चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, आणि सतरंजीवर भिंतीजवळ उभं राहा. टीव्ही बघताना करा, दोन्ही पाय आलटून पालटून पुढे घेऊन. माझी आई त्याला अजून ‘तुझा तो लाटणं-पोळपाट’ म्हणते. घोट्यांना आणि मांड्यांना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा जिमचा होत नाही. नवरात्रात रोज गरबा खेळणारीला गुडघे वाकवून तासभर राहायची ताकद असतेच.

मनगटाचे गार्ड इथून न्यायला हरकत नाही, हलके असतात आणि नवशिक्यांचं सगळ्यात आधी मनगटच मोडतं. हेल्मेट तिथेच घ्या. आत ‘ईएन १०७७’ किंवा ‘एएसटीएम एफ २०४०’ छापलेलं आहे ना बघा, सायकलचं चालत नाही. पार्कात पहिल्या दिवशी फक्त ‘छोटी’ अशी खूण असलेले बॉक्स-रेल-किकर, आणि उडीच्या पलीकडे कोणी पडलेलं नाही याची खात्री करूनच निघायचं. बूट घेतलेत की कुठल्या कंपनीचे, कुठल्या मापाचे ते इथे लिहा, मग बोर्डाची नेमकी रुंदी सांगते.