जंतूच्या पोटातले काळे ठिपके

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. अल्बर्ट स्टेन (जंतू रंगवून पाहायची पद्धत) केल्यावर हिरव्या जंतूंच्या टोकांना निळसर-काळे ठिपके दिसले. मॅडम म्हणाल्या, ‘व्होल्युटिन, फॉस्फेटचा साठा, वहीत लिहा.’ एवढंच?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : बाळ, मॅडमनी चूक नाही सांगितलं, अर्धं सांगितलं. ठाण्यात नौपाड्यातल्या लॅबमध्ये मीही वर्षानुवर्षं हेच घोकलं. घशाच्या स्वॅबमध्ये असे ठिपके दिसले की घटसर्पाची शंका यायची आणि डॉक्टरांना फोन लावायची घाई. ते ठिपके जंतूच्या काय कामाचे, हे विचारायला फुरसत कोणाला?

ठिपका म्हणजे पॉलिफॉस्फेट. फॉस्फेटच्या मण्यांची लांब माळ, कधी शेकडो मण्यांची. दोन मण्यांमधली गाठ एटीपीत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत, असते तीच. ही माळ ओवणारं एन्झाइम अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९५६ साली ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये सापडलं. पुढे १९५९चं नोबेल त्यांना डीएनएच्या कामासाठी मिळालं, पण उतारवयात गडी पुन्हा या माळेकडेच वळला.

त्या एन्झाइमचं जनुक काढून टाकलं तर? खायला भरपूर आहे तोवर जंतूचं बरं चालतं. म्हणून तर सगळे फसले! उपासमार सुरू झाली की मात्र तो लवकर मरतो. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं तर पोहणंही बिघडतं आणि बायोफिल्मही, म्हणजे जंतूंचा चिकट थर, नीट बनत नाही. ई. कोलायला अमिनो आम्लं कमी पडली की माळ लॉन नावाच्या प्रोटीएजला (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमला) जुंपते आणि तो रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, सुटी प्रथिनं तोडून नवी अमिनो आम्लं मोकळी करतो. घरात दाणा नसला की तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची, तसं. ब्लीचच्या माऱ्यात प्रथिनं नासलेल्या दुधासारखी गोळा होऊ लागतात, तेव्हाही हीच माळ त्यांना सावरून धरते. हे २०१४ साली दाखवलं गेलं. आता याला नुसता साठा कसं म्हणायचं?

तुमच्या नवी मुंबईच्या सांडपाण्याशीही याचा संबंध आहे. काही जंतू हवा नसताना माळ तोडून फॉस्फेट बाहेर टाकतात आणि त्या ताकदीवर ॲसिटेटसारखं अन्न आत घेतात. हवा मिळाली की सोडलं त्याहून जास्त फॉस्फेट गिळतात. मग गाळ काढला की फॉस्फेटही जातं, नाहीतर खाडीत शेवाळ माजायला ते आयतं खत.

मॅडमना सांगून एखाद्या मलनिस्सारण केंद्रातला गाळ मिळव. हवा दिलेल्या टाकीतलाच हं. हातमोजे घाल, पातळ स्मिअर कर, या वेळी नाइसर स्टेन वापर, तोही हे ठिपके दाखवणारा रंग. स्लाइड कशी आली ते मला कळव.