वाचनालयात नाव घातलंस, आता हे ऐक

वर्गणी आणि अनामत भरलीस ना? पावती जपून ठेव, सभासदत्व सोडताना तीच मागतात. बाकी नियम कळतील हळूहळू.

खरी गंमत दिवाळी अंकांची. वेगळी वर्गणी भरून योजनेत लगेच नाव घाल. उशीर केलास तर गाजलेले अंक होळीपर्यंत हाती लागत नाहीत. मागच्या वर्षी माझ्या अंकातलं शब्दकोडं कुणीतरी शाईपेननं आधीच सोडवलेलं, तेही चुकीचं!

पेपरच्या टेबलाशी खिडकीजवळची खुर्ची आजोबांची, तिथे बसू नकोस. त्यांच्याशी गप्पा मात्र मार. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, हे मला त्यांनीच सांगितलं.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमानंतर सतरंज्या उचलायला थांब. ग्रंथपालबाई नवी पुस्तकं तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतील.