२१४७४८३६४७ ला हात घालण्याआधी

मोठी संख्या मूळ आहे का हे तपासायचं झालं की नवखा माणूस २, ३, ५, ७ असं भागत सुटतो. मीही तेच करायचो, वह्याच्या वह्या भरल्या. तू आधी संख्येचा आकार बघ. २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं झालं तर साडेचार हजारांवर भागाकार. पण घातांक ३१ मूळ आहे, त्यामुळे या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या (३१ च्या दुपटीच्या) पटीत १ मिळवून येणाराच असतो. शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्याच संख्या तपासायच्या, जेमतेम पावणेचारशे. त्यातल्याही बऱ्याच संयुक्त, त्या गाळायच्या. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, तेही संगणकाशिवाय!

घातांक मूळ म्हणजे संख्याही मूळ, असं मात्र धरून चालू नकोस. घातांक ११ घे: २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. दोन्ही विभाजक २२ च्या पटीत १ मिळवलेले. आधी हेच कागदावर करून बघ, मग २ चा २३ वा घात वजा १ घे. तिथे ४७ पहिल्याच फटक्यात सापडेल.