विचारा बिनधास्त: मैदानात फुकट गाणं ठेवायचंय, पैसा कुठून आणू?

ताई, नमस्कार. मी नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका लेआऊटमध्ये राहतो, आमच्या मधात बऱ्यापैकी मोठं मैदान आहे. गणपतीत एक मंडळ, दुर्गेला दुसरं, बुद्धजयंतीला बाजूची वस्ती, उरुसाला पलीकडची गल्ली, सगळे आपापलं करून राहिले पण एकमेकांच्या कार्यक्रमाला कोणी फिरकत नाही. आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं का महिन्यातून एक संध्याकाळ सगळ्यांसाठी फुकट गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा. एक बिल्डर पूर्ण खर्च द्यायला तयार आहे, फक्त म्हणे बॅनर त्याचं आणि सुरुवातीला दोन शब्द त्याचे. घ्यावे का पैसे? — एक वाचक, मानेवाडा

भाऊ, पूर्ण खर्च त्याच्याकडून घेऊ नका. हे मी एवढं ठासून सांगते कारण आम्ही स्वतः हीच चूक करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या बगिच्यात असाच कार्यक्रम ठेवला होता, एका व्यावसायिकानं सगळे पैसे दिले आणि आम्ही इतके खूश झालो की घरोघरी जायचं सोडूनच दिलं. कार्यक्रमाच्या दिवशी पाहतो तर स्टेजपेक्षा बॅनर मोठं, पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या आणि त्यांवर 'राखीव'च्या चिठ्ठ्या, दोन शब्द म्हणता म्हणता पाऊण तास गेला आणि मागच्या वस्तीतल्या बाया, ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, त्या कडेवर लेकरं घेऊन भिंतीला टेकून उभ्या. अर्ध्या तर गाणं सुरू व्हायच्या आधीच निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी हात आखडला आणि कार्यक्रम बंदच पडला, कारण वर्गणी मागायची सवय आमच्यातल्या एकालाही राहिली नव्हती.

त्यानंतर तीन वर्षांनी परत सुरू केलं ते वही घेऊन. साधी दोनशे पानी वही, दहा रुपये दिले तरी नाव लिहायचं आणि तिथंच पावती फाडून द्यायची. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी वीस रुपये दिले. कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता ते स्वतःच आले, हातात बैठकीवर अंथरायची पांढरी चादर, कडक इस्त्री केलेली, चार घड्या घातलेली. म्हणाले आपला प्रोग्राम आहे, चुरगळलेली कशी चालंन. मग बायको, पोरगी, साळा, सगळे येऊन तिसऱ्या रांगेत बसले. भाऊ, त्या वीस रुपयांनी जे झालं ते आधीच्या पूर्ण रकमेनं झालं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की निम्मा खर्च आधी लेआऊटमधून आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधून उभा करा आणि उरलेल्या निम्म्यासाठीच मोठ्या माणसाकडे जा. समजा एका संध्याकाळचा खर्च चाळीस हजार धरला, साऊंड, लाईट, सतरंज्या, मानधन, चहापाणी सगळं मिळून, तर दोनशे घरांनी शंभर-शंभर दिले की वीस हजार झाले. मग बिल्डरसाहेबांना सांगा की आमचे वीस जमले, तुमचे वीस टाका, नाव इतर देणगीदारांसोबत एकाच फलकावर येईल, त्याच आकाराच्या अक्षरात, आणि भाषण कोणाचंच नाही. खरंच मनातून द्यायचं असेल तर देतील. नाही म्हणाले तर महिन्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा करा पण आपल्या हिमतीवर करा.

हा निम्म्या-निम्म्याचा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत लेव्हिट फाउंडेशन म्हणून आहे, मॉर्टिमर लेव्हिट या शर्टांच्या धंद्यात पैसा कमावलेल्या माणसानं बायकोसोबत काढलेलं, आणि त्यांचं कामच मुळी उघड्यावरच्या फुकट मैफलींना पैसे देणं. 1974 साली कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्ट गावात त्यांचं पहिलं खुलं रंगमंच झालं, 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कमध्ये झालं, जे पार्क तेव्हा गुन्हेगारीसाठी बदनाम होतं आणि लोक संध्याकाळी तिथं जायला घाबरायचे. नंतर त्यांनी लहान-मध्यम गावांना अनुदान देणं सुरू केलं तेव्हा अट हीच ठेवली की जेवढं आम्ही देऊ तेवढं तुम्हीही गावातून जमवा. पैसेवाल्या फाउंडेशनलासुद्धा पूर्ण रक्कम देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, यात बरंच काही आलं.

आता कोणी म्हणेल का आपल्याकडे ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव होतोच की, फुकटच असतो, देशभरातले मोठे कलावंत येतात. होतो ना, मीही जाते, तिथं बसून ऐकायला मला मनापासून आवडतं. पण तिथं अख्खं नागपूर येतं आणि गाणं संपलं की पार्किंगमधून गाडी काढून आपापल्या घरी जातं. तुम्हाला हवंय ते वेगळं, मागच्या गल्लीतल्या माणसाचं नाव माहीत व्हावं असं, आणि त्यासाठी मोठा गायक लागत नाही.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला पैशाची वाटलीच नाही, एकमेकांच्या कार्यक्रमाला कोणी जात नाही ही वाटली. तर हे ऐका. एका महिन्यात भजनी मंडळ, पुढच्या महिन्यात भीमगीतं, त्याच्या पुढे कव्वाली असं चुकूनही लावू नका, प्रत्येक वेळी तेच तेच आपापले लोक येतील आणि तुम्ही महिन्याला एक कार्यक्रम करूनही आहात तिथंच राहाल. सगळे एकाच संध्याकाळी बसवा, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, आणि लहान पोरांचा आयटम बरोब्बर मधात ठेवा, शेवटी किंवा सुरुवातीला नाही. पोरगं मधात गाणार असलं की आई-बाप, आजी, आत्या, मावशी सगळे आधीपासून येऊन बसतात आणि पोराचं झाल्याझाल्या उठून जायला लाजतात, मग आपसूक दुसऱ्याचं गाणंही कानावर पडतं. आमच्याकडे एकदा ताजबागकडची कव्वाली पार्टी आणि शेजारच्या विहारातल्या भीमगीत गाणाऱ्या बाया लागोपाठ होत्या, कव्वालीवाल्यांचा ढोलकीवाला आलाच नव्हता तर भीमगीतवाल्या ताईंचा मुलगा उठला आणि बसला वाजवायला. दोघांत बोलणं काहीच झालं नव्हतं, त्यानं फक्त ठेका ऐकला आणि पकडला. आज सहा वर्षं झाली, तो त्यांच्यासोबत वाजवून राहिलाय.

वर्गणीचं एक कायद्याचं. संस्था नोंदवलेली नसेल तर गणपती मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, ४१-सीची परवानगी काढतात ना, तुमच्यासाठी काय लागेल ते त्याच ऑफिसात आधी विचारून घ्या, मगच पावतीबुकं छापा. पैसे कोणाच्या पर्सनल खात्यात घेऊ नका, अगदी तुमच्या स्वतःच्याही नाही. आणि कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद मैदानाच्या गेटवर चिकटवा, चहाच्या बिलासकट.

मिहानमध्ये नोकरी करते. आमच्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा फंड आहे, त्यातून फुटाळा तलावावर किंवा एखाद्या बगिच्यात फ्री कॉन्सर्ट करता येईल का? एचआरवाले म्हणतात होत नाही. — एक वाचक, सोमलवाडा

ताई, एचआरवाले बरोबर सांगून राहिले. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात हे खरं, पण सरकारनं 2014 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉन, अवॉर्ड, स्पॉन्सरशिप असले एकदाच होणारे इव्हेंट सीएसआरमध्ये मोजायचे नाहीत. स्वतःच्या मालाची जाहिरात होईल अशी स्पॉन्सरशिपही चालत नाही.

पण त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचं जतन आणि पारंपरिक कलांचा विकास हे बसतं. तेव्हा मागणी वेगळी मांडा. कॉन्सर्टसाठी पैसे मागू नका, वर्षभराच्या कामासाठी मागा. म्हणजे खडी गंमत किंवा दंडार या लोककला करणारे जुने कलावंत विदर्भात अजून आहेत, त्यांच्याकडून पंचवीस-तीस पोरांना वर्षभर शिकवायचं, त्यांना दर महिन्याला ठरलेलं मानधन द्यायचं, वाद्यं घ्यायची, आणि शिकलेलं दर महिन्याला बगिच्यात सगळ्यांसमोर करून दाखवायचं. अशा कामाचा प्रस्ताव सीएसआर कमिटीपुढे ठेवता येतो. फक्त ज्या संस्थेमार्फत कराल तिची सरकारकडे सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी झालेली पाहिजे, 2021 पासून ती लागतेच. आणि कलावंत कुठं शोधू म्हणाल तर सिव्हिल लाईन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, 1986 पासून आहे, लोककलांचंच काम करतं, तिथं एकदा जाऊन समोरासमोर बोला. ईमेल पाठवून वाट पाहत बसू नका.

आमच्या गल्लीत डीजेनं लोक इतके वैतागलेत की स्पीकर म्हटलं की भांडायलाच येतात. परवानगी कशी घ्यायची आणि शेजाऱ्यांना कसं समजवायचं? — एक वाचक, नंदनवन

परवानग्या दोन मुख्य, मैदान ज्याचं असेल त्याची, म्हणजे मनपा की नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) ते आधी पक्कं करा कारण लोक चुकीच्या ऑफिसात दोन-दोन आठवडे चकरा मारतात, आणि लाऊडस्पीकरसाठी तुमच्या पोलीस स्टेशनची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथं ठेवूच नका. वीज शेजारच्या घरातून ओढू नका, महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या.

सिनेमातल्या गाण्यांबद्दल एवढं माहीत असू द्या की कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी क्लब किंवा मंडळानं तिकीट न लावता केलेल्या गाण्याला सूट आहे. पण बिदागी घेणारा ऑर्केस्ट्रा बोलावला किंवा स्पीकरवर रेकॉर्ड लावल्या तर तो मामला वेगळा होतो, लायसन्स लागू शकतं.

शेजाऱ्यांचं मात्र परवानगीच्या कागदानं होत नाही. ज्यांच्या खिडक्या मैदानाकडे आहेत अशा प्रत्येक घरी स्वतः जा, त्यात कोण म्हातारं आहे, कोणाचं तान्हं आहे, कोणाची बारावी आहे हे विचारा आणि स्पीकरची तोंडं त्यांच्या सांगण्यावरून लावा. आमच्याकडे एका आजोबांना छातीत धडधड व्हायची, आम्ही त्यांना साऊंडवाल्याच्या बाजूला खुर्ची दिली आणि सांगितलं आवाज तुम्हाला सहन होईल तेवढाच. संध्याकाळभर त्यांनी हातानं खूण करायची आणि तो पोरगा बटण खाली घ्यायचा. साडेआठला संपवलं. खरं सांगते, बासचे ते भलेमोठे डबे आणलेच नाहीत तर अर्धं भांडण तिथंच मिटतं, हार्मोनियम-तबल्याला ते लागतच नाहीत.

आणि डिसेंबर-जानेवारीत ठेवत असाल तर वर कापड बांधा. सात-साडेसातनंतर आपल्याकडे दव पडायला लागतं, तबल्याचं चामडं ओलं होऊन सूर खाली उतरतो, पेटीचा सूर आहे तिथंच राहतो, आणि गाणारा बिचारा दोघांच्या मधात सापडतो. दर दोन गाण्यांनी तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसतो. आमच्या एका कार्यक्रमात बैठकीखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून तबला शेकावा लागला होता.

आम्ही चार मित्र गिटार आणि कहोन (बसून हातानं वाजवायचा लाकडी डबा) घेऊन गातो. सगळे म्हणतात कार्यक्रम फ्री आहे, समाजासाठी आहे, तुम्हीही फ्री गा. नाही म्हटलं तर राग येतो. काय करायचं? — एक वाचक, धरमपेठ

पैसे मागा. कार्यक्रम ऐकणाऱ्याला फुकट आहे, साऊंडवाला फुकट येत नाही, सतरंजीवाला येत नाही, मग गाणाऱ्यानंच का यायचं? मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण आपल्या भागातले दंडारवाले, कव्वाल, भीमगीतवाले यांच्यापैकी कितीतरी जण दिवसा मजुरी करून रात्री गातात आणि त्यांनाच आपण शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावतो. काशीला संकटमोचनच्या संगीत समारोहात मोठमोठे कलावंत मानधन न घेता गातात हे खरंय, पण ती त्यांची हनुमंताच्या चरणी हजेरी आहे, त्यांनी स्वतः ठरवलेली. आयोजकांनी आधीच गृहीत धरलेली सेवा आणि ती यात फार फरक आहे.

तुम्ही चौघं नवीन आहात तर कमी घ्या, येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं धरून एक आकडा ठरवा आणि आधीच सांगा. आयोजकांनाही माझं सांगणं आहे की बजेट लिहिताना पहिल्या ओळीत मानधन लिहा, कमी पडलं तर लाईट कमी करा. पाकीट कार्यक्रम संपल्यावर लगेच, स्टेजमागे, हातात द्या.

फुकट ठेवलं तर लोकांना किंमत राहत नाही असं आमच्या कमिटीत म्हणतात. निदान दहा रुपयांचं तिकीट ठेवावं का? — एक वाचक, जरीपटका

नको. दहा रुपयांसाठी गेट लावावं लागतं, गेटवर माणूस लागतो, आणि तो माणूस नेमका त्याच पोरांना हटकतो ज्यांनी यावं म्हणून तुम्ही हे सुरू केलं. पाच जणांचं कुटुंब पन्नास रुपयांचा विचार करून बाहेरच उभं राहतं. त्यापेक्षा शेवटून दुसऱ्या गाण्याच्या आधी पोरांच्या हाती ताटं देऊन रांगांमधून फिरवा, ज्याला द्यायचं तो देतो, आणि शेवटचं गाणं सर्वांत चांगलं ठेवा म्हणजे ताट पाहून कोणी उठत नाही. तर्री-पोहे, चना जोर गरमवाल्यांना मैदानाच्या कडेला उभं राहू द्या आणि त्यांच्याकडून संध्याकाळचे शंभर-दोनशे घ्या, तेही तुमच्या वहीत नावानिशी लिहा. ताटात किती जमले ते मात्र तिथंच, लोक बसलेले असतानाच, माईकवर मोजून सांगा.