टेलिस्कोप नाही म्हणून अडून बसलेल्याला

तुझा मेसेज वाचला, टेलिस्कोप परवडत नाही म्हणून आकाश बघायचं सगळं पुढे ढकललंयस म्हणे. आधी पठाणी सामंतांबद्दल वाच. खरं नाव सामंत चंद्रशेखर, ओडिशातल्या खंडपडा संस्थानातले, जन्म 1835 चा. संस्कृत पोथ्या वाचून स्वतःच ज्योतिष-गणित शिकले, आणि लहान वयातच त्यांच्या लक्षात आलं की पोथीच्या गणिताने ग्रह जिथे दिसायला हवा तिथे तो दिसतच नाही. आपण काय केलं असतं, आपलंच गणित चुकलं म्हणून वही मिटली असती. ते मोजत बसले, वर्षानुवर्षं.

मोजायला काय तर मानयंत्र, नाव भारी पण वस्तू म्हणजे एक काठी, तिच्या टोकाला काटकोनात आडवी पट्टी, पट्टीवर खाचा आणि भोकं, काठीचं दुसरं टोक डोळ्याशी धरायचं आणि कोन वाचायचा, बस्स. असल्या घरगुती साधनांवर त्यांनी चंद्राच्या गतीतले तीन फरक पकडले, म्हणजे चंद्र हिशेबाच्या जागेपासून थोडा पुढे-मागे दिसतो ते; नावं तुंगांतर, पाक्षिक आणि दिगंश. पाक्षिक जास्तीत जास्त 39 कला (60 कला म्हणजे एक अंश), म्हणजे चंद्रबिंबापेक्षा थोडा मोठा, तो एकवेळ सापडेल. पण दिगंश जेमतेम 11 कलांचा, बिंबाच्या एक तृतीयांश! हे काठीने!!

बाकी पृथ्वी मध्यभागी, सूर्य तिच्याभोवती आणि ग्रह सूर्याभोवती असंच ते मानायचे, तेव्हा ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ टाइप फॉरवर्डमध्ये त्यांना कोंबू नकोस प्लीज. त्यांचा ‘सिद्धांत दर्पण’ हा ग्रंथ ताडपत्रांवर लिहिलेला, 1899 ला कलकत्त्यात छापला गेला.

आता तुझं काम. आडवी पट्टी डोळ्यापासून बरोबर 57 सेंमीवर येईल अशी काठी कर, मग पट्टीवरचा 1 सेंमी म्हणजे साधारण 1 अंश. चंद्र रोहिणी किंवा मघा ताऱ्याच्या आसपास असेल त्या रात्री दोघांतलं अंतर मोज, दोन तासांनी परत मोज, चंद्र अंशभर पूर्वेला सरकलेला सापडेल. वेळ लिही, ढग असतील तर ढग लिही, आणि आकडा विचित्र आला तर अॅप उघडून तो गुपचूप ‘बरोबर’ करू नकोस, सामंतांनी तसं केलं असतं तर पोथीच खरी ठरली असती ना.

महिनाभराची पानं झाली की फोटो पाठव, खाडाखोडीसकट. टेलिस्कोपचं मग बघू.